शिंकांचा ऋतू : गाजर गवत, कोजागिरीची खीर आणि चरोट्याची भाजी



आपल्या रायपुरात वर्षातून दोनदा घराघरांतून शिंका ऐकू येतात. पहिल्यांदा होळीच्या आसपास, जुनी पाने गळून झाडांना नवा मोहोर येतो तेव्हा. दुसऱ्यांदा पाऊस सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास. त्या वेळी शिवारात धानाची कापणी चाललेली असते, ओल्या भिंतींवर बुरशी असते आणि कॉलनीतल्या रिकाम्या प्लॉटवर गाजर गवत पांढऱ्या फुलांनी भरलेले असते. त्यात सिलतरा आणि उरल्याच्या कारखान्यांची काळी धूळ. नाक बिचारे कुणाकुणाशी लढणार?

या दिवसांत प्रेक्षकांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. "साहेब, गोळी खाल्ली की झोप येते. काही नैसर्गिक सांगा. हळद, मध, आवळा, एखादे चूर्ण." मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. नुस्खा सांगणे माझे काम नाही. पण माणसाने या शिंकांवर आजवर काय काय खाऊन पाहिले, त्यातले काय टिकले आणि काय गळून पडले, हा इतिहास मात्र सांगता येतो. तो ऐकल्यावर बाजारातल्या डबीकडे बघण्याची तुमची नजर बदलेल, एवढी मला खात्री आहे.

जुन्या ग्रंथांत काय आहे

अ‍ॅलर्जी हा शब्द नवा आहे. १९०६ साली व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने तो घडवला. पण शिंका काही १९०६ पासून सुरू झालेल्या नाहीत.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात प्रतिश्यायाचा, म्हणजे सर्दी-पडशाचा, स्वतंत्र अध्याय आहे. त्यात कारणे सांगताना धूर, धूळ आणि थंडी यांची नावे येतात. माधवनिदानात औषधिगंधज ज्वर सांगितला आहे. वनस्पतींच्या उग्र वासाने येणारा हा ताप, आणि त्याच्या लक्षणांत डोकेदुखीबरोबर शिंकाही आहेत. हवेतून काहीतरी नाकात शिरते आणि माणूस आजारी पडतो, हे निरीक्षण त्या काळीही झालेले होते.

खाण्याचे काय? चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय ऋतुचर्येचा आहे. वसंतात कफ उसळतो, म्हणून जड, आंबट, तेलकट-तुपकट आणि गोड कमी करा, दुपारी झोपू नका, जव आणि गहू खा, असे तो सांगतो. शरदात पित्त उसळते, म्हणून दही टाळा, दव अंगावर घेऊ नका, कडू द्रव्यांनी सिद्ध केलेले तूप घ्या. गंमत बघा, आपल्या शिंकांचे जे दोन ऋतू, वसंत आणि शरद, त्याच दोन ऋतूंना या अध्यायाने दोषप्रकोपाचे ऋतू म्हटले आहे. पाडव्याला आपण कडुनिंबाचा कोवळा पाला, गूळ, हिंग, ओवा वाटून खातो, तो याच विचाराचा घरगुती अवतार.

पुढे भैषज्यरत्नावलीत हरिद्राखंड नावाचा योग आला. अंगावर पित्ताच्या गांधी उठतात, त्या शीतपित्तावर तो सांगितला आहे. हळद, दूध, तूप, मसाले आणि भरपूर साखर. आजही औषधाच्या दुकानात तो मिळतो आणि अ‍ॅलर्जीसाठी विकला जातो. डायबेटिस असलेल्यांनी मात्र डबीवर लिहिलेले साखरेचे प्रमाण आधी वाचावे.

एक गोष्ट नीट समजून घ्या. या ग्रंथांनी आहाराचा सल्ला दिला तो ऋतूनुसार दिनचर्या बदलण्याचा होता. एक चमचा पावडर घ्या आणि बाकी सगळे तसेच चालू ठेवा, असे त्यांत कुठे लिहिलेले नाही. तो शोध आपल्या काळातला.

गुलाबाची सर्दी ते पतंगावरचे पराग

आता जरा पश्चिमेकडे जाऊ. इराणातल्या रय गावचा थोर हकीम अल-राझी याने दहाव्या शतकाच्या आसपास एक छोटा निबंध लिहिला. अबू झैद अल-बल्खी नावाच्या विद्वानाला दर वसंतात गुलाब फुलले की सर्दी का होते, हा त्याचा विषय. ऋतू आणि फूल यांची शिंकांशी सांगड घालणारे हे फार जुने लिखाण.

त्यानंतर थेट १८१९. लंडनमध्ये जॉन बोस्टॉक नावाच्या डॉक्टरने वैद्यकीय सभेपुढे एक केस वाचली. दर उन्हाळ्यात डोळे चुरचुरतात, नाक वाहते, छाती दाटते. तो रुग्ण म्हणजे बोस्टॉक स्वतःच. रक्त काढणे, थंड पाण्याने अंघोळ, अफू, सगळे करून झाले, उपयोग शून्य. नऊ वर्षे शोधून त्याने अशा २८ केसेस गोळा केल्या. लोक म्हणत होते की वाळल्या गवताच्या वासाने हे होते. बोस्टॉकला ते पटले नाही, त्याने दोष उन्हाला दिला.

लोकांचे म्हणणे सत्याच्या जवळ होते, हे सिद्ध केले मँचेस्टरच्या चार्ल्स ब्लॅकली याने. त्यालाही हाच त्रास होता. त्याने पराग गोळा केले, स्वतःच्या नाकात घातले, कातडीवर ओरखडा काढून त्यावर चोळले. पतंगाला चिकट काचा बांधून उंच हवेतले पराग मोजले. १८७३ साली पुस्तक लिहिले आणि सांगितले की कारण उन्हात नाही, गवताच्या परागात आहे. १९११ साली लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमध्ये लिओनार्ड नून याने त्याच परागाचा अर्क थोडा थोडा टोचून शरीराला सवय लावण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. आजच्या अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांचा तो मूळ पुरुष.

फौजेत पहिला धडा असतो, शत्रू कोण हे आधी ओळखा. बोस्टॉकपासून ब्लॅकलीपर्यंत चोपन्न वर्षे गेली ती एवढ्याच कामात. आपल्याकडे हेच काम एका गवतामुळे करावे लागले, आणि ती कथा मराठी मुलुखातली आहे.

पुणे, १९५५

गाजर गवत, काँग्रेस गवत, हिंदीत गाजर घास. शास्त्रीय नाव पार्थेनियम हिस्टेरोफोरस. गाजरासारखी पाने, म्हणून गाजर. पांढऱ्या टोपीसारखी फुले, म्हणून काँग्रेस, असे लोक सांगतात. मूळ गाव अमेरिका खंडातले, मेक्सिकोच्या आखाताभोवतालचे. शेवंती आणि सूर्यफुलाच्या कुळातले हे झाड.

१९५५ साली पुण्यात उकिरड्यांवर हे झाड दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ रोल्ला शेषगिरी राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या जर्नलमध्ये भारतासाठी नवी नोंद म्हणून ते प्रसिद्ध केले. एक झाड दहा-पंधरा हजार, कधी त्याहून जास्त बी टाकते. बी इतके हलके की वारा, पाणी, ट्रकचे टायर, जनावरांचे खूर, काहीही चालते. रस्ते आणि रुळांच्या कडेने ते देशभर गेले. आज हे गवत नाही असे राज्य नाही. सुमारे ३५० लाख हेक्टर जमीन त्याने व्यापली असल्याचा अंदाज सांगितला जातो.

आता तुम्ही म्हणाल, हे गवत अमेरिकेच्या पीएल-४८० च्या गव्हाबरोबर आले, हे आम्हाला शाळेपासून माहीत आहे. जरा तारखा लावून बघू. पीएल-४८० हा अमेरिकी कायदा जुलै १९५४ चा. त्याखाली भारताशी पहिला करार झाला २९ ऑगस्ट १९५६ रोजी. गवत तर पुण्यात १९५५ सालीच उगवलेले होते! म्हणजे त्या कराराचा गहू त्याला आणू शकत नाही. अमेरिकेचा गहू त्याआधीही आला होता. १९५१ च्या टंचाईत अमेरिकेने वीस लाख टन धान्यासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले होते. बी त्यातून आले असणे शक्य आहे. पण त्याहून जुनी गोष्ट अशी की विल्यम रॉक्सबर्ग यांच्या कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाच्या १८१४ सालच्या यादीतही हे नाव सापडते. झाड बहुधा एकाहून जास्त वेळा आले, आणि पसरायला योग्य वेळ मिळाली ती स्वातंत्र्यानंतर.

याच १९५५ साली ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्येही हे गवत प्रथम नोंदले गेले. तिथे त्याचा संबंध दुसऱ्या महायुद्धात आलेल्या अमेरिकी विमानांच्या सुट्या भागांशी जोडतात. फौजा, धान्य आणि तण हे नेहमी एकाच वाटेने प्रवास करतात.

दहा-बारा वर्षांत पुण्याच्या डॉक्टरांकडे वेगळेच रुग्ण येऊ लागले. शेतकरी, मजूर, बहुतेक पुरुष. पापण्या सुजलेल्या, मान आणि कोपराच्या घड्या काळ्या, जाड, खाजणाऱ्या. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर आणि सहकाऱ्यांनी १९६८ साली हा त्रास या गवतामुळे होतो हे प्रसिद्ध केले. पुढे पुण्यातल्याच रसायनशास्त्रज्ञांच्या मदतीने पार्थेनिन या द्रव्यावर बोट ठेवले गेले. झाडावरच्या बारीक केसांत ते असते. केस वाळून हवेत उडतात आणि कातडीवर बसतात. शिवाय पराग नाकात जाऊन शिंका आणि दमा देतात तो भाग वेगळाच.

जे लोक "नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी" असे धरून चालतात, त्यांनी हे गवत आठवावे. ते शंभर टक्के नैसर्गिक आहे.

झाडातून औषध निघाले ते कसे

याचा अर्थ झाडे निरुपयोगी असा नाही. उलट, अ‍ॅलर्जी आणि दम्याच्या औषधांची निम्मी वंशावळ झाडांपासूनच निघते. तीन उदाहरणे घेऊ.

पहिले एफेड्रा, आपल्याकडे ज्याला सोमलता म्हणतात. चीनमध्ये मा हुआंग या नावाने ते हजारो वर्षे खोकला-दम्यावर दिले जात होते. १८८५ साली जपानच्या नागाई यांनी त्यातून एफेड्रिन वेगळे केले. १९२४ मध्ये पेकिंगमधल्या चेन आणि श्मिट यांच्या कामाने ते जगभर गेले. कलकत्त्याला रामनाथ चोप्रा यांनी हिमालयातल्या जातींचा अभ्यास केला. श्वासनळ्या मोकळ्या होत, पण हृदयाचे ठोके वाढत, रक्तदाब चढे. त्यामुळे डॉक्टरांनी पुढे अधिक सुरक्षित औषधे धरली. हेच झाड नंतर वजन घटवण्याच्या 'नैसर्गिक' डब्यांतून परत आले, आणि मृत्यूंच्या तक्रारी आल्यावर २००४ साली अमेरिकेने अशा पूरकांवर बंदी घातली.

दुसरे खेल्ला. इजिप्तमधले हे बडीशेपेच्या कुळातले झाड. त्यातल्या द्रव्यावर इंग्लंडमध्ये काम करणारे डॉ. रॉजर अल्टुन्यान स्वतः दमेकरी होते. गिनीपिगच्या केसांची त्यांना अ‍ॅलर्जी. त्या केसांचा अर्क हुंगून स्वतःला झटका आणायचा आणि मग नवे रसायन ओढून बघायचे, असे त्यांनी वर्षानुवर्षे केले. १९६० च्या दशकात त्यातून सोडियम क्रोमोग्लायकेट आले, जे आजही डोळ्यांच्या थेंबांत असते. हे गृहस्थ महायुद्धात रॉयल एअर फोर्सचे वैमानिक होते. औषधाची भुकटी फुप्फुसात उडवणारे यंत्र त्यांनी विमानाच्या पंख्यावरून सुचवले. फौजी माणूस कुठेही गेला तरी फौजीच!

तिसरा आपला अडुळसा. आजीच्या काढ्यातला. त्यातले व्हॅसिसिन १८८८ साली वेगळे झाले. त्याच्या रचनेवरून १९६० च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्झिन बनले. आज खोकल्याच्या कितीतरी बाटल्यांवर ब्रोमहेक्झिन किंवा त्याचा भाऊ अँब्रॉक्सॉल लिहिलेला असतो. अडुळसा घरातून गेला नाही, फक्त बाटलीत बसून परत आला.

तिन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. कुणीतरी मोजले. किती घेतले, कुणाला दिले, काय बिघडले, हे लिहून ठेवले.

अंतमुळाची परीक्षा

असे मोजमाप आपल्या देशातही झाले आहे. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. डी. एन. शिवपुरी होते. परागांच्या अ‍ॅलर्जीचा भारतात पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत त्यांचे नाव पहिल्या ओळीत घ्यावे लागते. १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांनी अंतमूळ या वेलीची परीक्षा घेतली. रोज एक पान चावून खायचे, सहा दिवस. दम्याच्या ११० रुग्णांचे दोन गट. एकाला अंतमूळ, दुसऱ्याला गुण नसलेले पान. कुणाला काय मिळाले हे रुग्णाला माहीत नाही.

आठवड्याअखेर अंतमुळाच्या गटात ६२ टक्के लोकांना बरे वाटले. दुसऱ्या गटात २८ टक्के. पाठोपाठ १९६९ मध्ये त्यांनी अ‍ॅलर्जीच्या सर्दीवरही चाचणी प्रसिद्ध केली. सगळीकडे आनंद. पण अनेकांचे तोंड आले, जिभेची चव गेली, उलट्या झाल्या. आणि १९७९ साली दुसऱ्या गटाने केलेल्या चाचणीत फरकच दिसला नाही. अंतमूळ मागे पडले.

या प्रसंगातला मला सगळ्यात मोलाचा आकडा वाटतो तो २८. गुण नसलेले पान खाऊन शंभरातल्या अठ्ठावीस जणांना बरे वाटले. ते खोटे बोलत नव्हते. ऋतूचा त्रास चढतो तसा उतरतोही, आणि विश्वासानेही बरे वाटते. म्हणून "माझ्या साडूला फरक पडला" हा पुरावा होत नाही. साडू खरेच सांगतो आहे, पण तो अठ्ठाविसातला आहे की बासष्टातला, हे त्याला स्वतःलाही कळत नाही.

स्वयंपाकघरातली रसद

आता तुमच्या नेहमीच्या प्रश्नांकडे येऊ.

हळद. १९९५ साली अमेरिकेने जखमेवर हळद लावण्याचे पेटंट मिसिसिपी विद्यापीठाच्या दोन संशोधकांना दिले. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक होते गोव्याच्या माशेल गावचे डॉ. रघुनाथ माशेलकर. जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते पेटंट आव्हान दिले गेले आणि १९९७ मध्ये रद्द झाले. लढाई मोठी होती, पण ती "हे ज्ञान आमचे आहे" याची होती. हळदीने शिंका थांबतात का, हा प्रश्न त्यात नव्हता. त्याचे उत्तर वेगळे शोधावे लागले. २०१६ साली बारमाही अ‍ॅलर्जिक सर्दीच्या २४१ रुग्णांवर दोन महिन्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. कर्क्युमिन घेणाऱ्यांच्या शिंका आणि नाक चोंदणे कमी झाले. आशेला जागा आहे, पण ती कॅप्सूल होती, कपभर दूध नव्हे. हळदीतले कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच थोडे जाते. बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले की मिऱ्यातल्या पिपेरिनबरोबर ते वीसपट वाढते. म्हणून दुधात मिरी घालणारी आजी शहाणी होती. पण त्याच कारणाने बाजारातली तीव्र कॅप्सूल काहींच्या यकृताला बाधते, अशा केसेस नोंदल्या गेल्या आहेत. भाजीतली हळद आणि डबीतली हळद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मध. "स्थानिक मध खा, स्थानिक परागांची सवय होईल", हा सिद्धांत ऐकायला छान. २००२ मध्ये अमेरिकेत ३६ जणांवर तपासला. स्थानिक मध, दूरचा मध आणि मधाच्या चवीचा पाक, तिन्ही गटांत फरक नाही. पुढे मलेशियात ४० रुग्णांवर फायदा दिसला, पण तिथे डोस होता दर किलो वजनामागे रोज एक ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला साठ ग्रॅम मध! शुगरवाल्यांनी हिशोब करावा. बस्तरचा मध उत्तम आहे, खोकल्याला घशाशी आराम देतो, जरूर खा. फक्त एक वर्षाच्या आतल्या बाळाला चाटवू नका, त्याने बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.

आवळा, पेरू, लिंबू, कांदा. क जीवनसत्त्व आणि क्वेर्सेटिन यांचा प्रयोगशाळेत हिस्टामिनवर परिणाम दिसतो. माणसांवरचा पुरावा तोकडा आहे. पण ही अन्ने आहेत, नुकसान नाही, खा.

आता सावधगिरीची गोष्ट. बी-पोलन, म्हणजे मधमाशीने गोळा केलेले पराग, 'सुपरफूड' म्हणून विकतात. परागांची अ‍ॅलर्जी असलेल्याने पराग चमच्याने खाणे म्हणजे बारूदखान्यात काडी ओढणे. जीव धोक्यात आल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. तसेच कॅमोमाइलचा चहा आणि इकिनेशिया ही दोन्ही गाजर गवताच्याच कुळातली. ज्याला गाजर गवताचा त्रास आहे त्याने विचारल्याशिवाय घेऊ नयेत. आणि युरोपातले बटरबर बघा. २००२ साली १२५ रुग्णांवर ते सेटिरिझिनच्या गोळीइतके उतरले. पण मूळ झाडात यकृताला घातक द्रव्ये निघाली आणि डॉक्टरांनी हात आखडता घेतला.

खाण्याचा नाही, पण साधा आणि टिकलेला उपाय म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुणे, आपली जलनेती. पाणी मात्र उकळून गार केलेलेच हवे. नळाच्या कच्च्या पाण्यातून मेंदूला ग्रासणारा अमीबा जाऊ शकतो.

कोजागिरीची रात्र

आता जरा नाजूक विषय. भोसल्यांच्या काळापासून छत्तीसगडात मराठी घरे आहेत. १७५८ पासून बिंबाजी भोसले रतनपुरातून कारभार बघत होते. आपल्या घरांत कोजागिरीला मसाला दूध आटते. त्याच रात्री इथून सुमारे सत्तर किलोमीटरवर राजनांदगावच्या बर्फानी आश्रमात दमेकऱ्यांना जडीबुटीची खीर दिली जाते. दूरदूरच्या गावांहून लोक येतात. हैदराबादला मृग नक्षत्राच्या सुरुवातीला बत्तिनी घराण्याकडून जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून गिळवतात. ती परंपरा १८४५ पासूनची असल्याचे ते कुटुंब सांगते.

तारखा बघा. एक पावसाच्या आरंभी, एक पावसाच्या शेवटी. दम्याला चढ येतो तेच हे दिवस. आपल्या पूर्वजांनी ऋतू अचूक हेरला होता. श्रद्धेने रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हसायचा अधिकार मला नाही. रात्रभर जागलेल्या, श्वासासाठी झगडणाऱ्या माणसाला कुणीतरी आपुलकीने वाटीभर खीर देते, ही छोटी गोष्ट नाही.

पण एक रेषा आखावीच लागते. खीर खाऊन आल्यावर "आता पंप सोडला" असे म्हणू नका. दोन-तीन आठवडे ठीक जातात, कारण ऋतूच उतरत असतो. मग एखाद्या थंड पहाटे झटका येतो आणि घरात पंप नसतो. दम्याने माणूस जातो तो असा. दूध, हळद, खीर, काढा, यांपैकी काहीही चढलेला झटका थांबवत नाही.

दुसरी रेषा, बिनलेबलची पुडी. "एका डोसात आराम" देणाऱ्या अशा पुड्यांत तपासणीअंती स्टिरॉइड मिसळलेले सापडल्याचे देशात अनेकदा घडले आहे. आराम खरा असतो, म्हणूनच फसगत होते. पुढे चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. आपल्या औषध नियमांच्या 'अनुसूची जे' मध्ये ज्या आजारांवर बरे करण्याचा दावा औषधाला करता येत नाही, त्यांत ब्रॉन्कियल अस्थमा आहे. जो विक्रेता दमा मुळापासून घालवण्याची हमी देतो, तो तिथेच नियम मोडतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ.

चरोट्याची चाल

शेवटी एक भाजी. आषाढात रायपूरच्या बाजारात चरोटा भाजी येते. विदर्भात तिला तरोटा म्हणतात, कोकणात टाकळा. संस्कृतात चक्रमर्द, आणि दुसरे नाव दद्रुघ्न, म्हणजे गजकर्ण घालवणारा. पहिल्या पावसानंतरची कोवळी पाने लसूण-मिरचीवर परततात. तिचे बी आपल्या जंगलांतले गौण वनोपज आहे, गावकरी गोळा करून विकतात.

ही भाजी खाऊन अ‍ॅलर्जी जाते असे मी म्हणणार नाही. तिचा खरा पराक्रम ताटाबाहेर आहे. पावसाच्या तोंडावर पडीक जागेत चरोट्याचे बी फेकले तर तो दाट उगवतो आणि गाजर गवताला ऊन आणि जागा मिळू देत नाही. जबलपूरचे तण संशोधन संचालनालय हा उपाय वर्षानुवर्षे सांगत आले आहे. दर वर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजर गवत जागृती सप्ताहही पाळला जातो. मेक्सिकोहून आणून १९८४ मध्ये बंगळुरात सोडलेला झायगोग्रामा हा भुंगाही पावसात याची पाने खातो. मध्यंतरी तो सूर्यफुलावर दिसला म्हणून वाद झाला होता, पण काम तो अजून करतो आहे. चरोटाही काही देवदूत नाही, शेतात शिरला तर तोही तणच. म्हणून तो रस्त्याकडेला आणि रिकाम्या प्लॉटवर टाकावा, पिकात नाही.

गवत हाताने उपटायचे असेल तर फुले येण्याआधी, पाऊस पडून माती मऊ असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. ज्यांना त्याचा त्रास आहे त्यांनी या कामात उतरू नये, दुसऱ्यांना चहा पाजावा. फुलाआधीच्या गवताचे कंपोस्ट होते, फुलानंतर केले तर बी सगळीकडे पसरते.

इतकी शतके माणूस शिंकांवर काय खावे हेच शोधत राहिला. काही शोध सोन्याचे निघाले, बरेच मातीचे. पण पुण्याच्या उकिरड्यावरून निघालेले गवत जोवर आपल्या कॉलनीत कमरेइतके उभे आहे, तोवर स्वयंपाकघरातली कोणतीही रसद पुरी पडणार नाही. तेव्हा हळद-दूध प्या, आवळा खा, डॉक्टरांनी दिलेला पंप जवळ ठेवा, आणि येत्या जूनमध्ये मोहल्ल्यातली चार माणसे गोळा करून चरोट्याचे बी टाका.

पुढच्या भागात भेटू. तोवर तब्येत सांभाळा.

जय हिंद.